ट्रकच्या पाट्यांवरची खोली

आमचे मालक मळणीयंत्र बघायला म्हणून पुण्याच्या बाजूला गेले आणि संध्याकाळी एक खोली घेऊन आले. अगदी खरीखुरी खोली. चार चाकांवर. खिडक्यांना पडदे, आत पलंग, भिंतीला दुमडणारं टेबल, हात धुवायचं बेसिन आणि एक कपाट. पूर्वी म्हणे धरणाच्या कामावरचा कुणी साहेब तिच्यात राहायचा. धरण बांधून झालं, साहेब गेला आणि गाडी भंगारवाल्याच्या आवारात गंजत पडली. तिथून ती एका ओळखीच्या ट्रकमागे दोराला बांधून आमच्या पिंपरी पेंढारच्या अंगणात आली. मोटारहोम हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी कळला. गावानं पहिल्याच दिवशी तिला 'खोली' म्हणायला सुरुवात केली.

मी चिडले, चांगलीच चिडले. मळणीयंत्राचं काय, असं विचारणार होते, पण दार उघडून आत डोकावले आणि प्रश्न तोंडातच राहिला. तो पलंग दोघांपुरताच होता.

आमचं घर भरलेलं. सासूबाई, थोरले दीर, जाऊ, पोरंबाळं, आणि भिंतीला भिंत लावून सगळी भावकी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी नवऱ्याशी माझं बोलणं म्हणजे 'चहा ठेवू का' आणि 'लाइट आली का'. तेही चार माणसांच्या देखत. मला फक्त एक दिवस हवा होता. डिंभ्याच्या धरणाचं पाणी मी एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं. तिथे जायचं, दोघांनीच, पोटभर बोलायचं आणि परत यायचं. हे मी त्यांना गोठ्यात, धार काढताना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ की." धार संपली, ते डेअरीला गेले, पण मी तो शब्द पक्का धरून ठेवला.

खोली दुरुस्त करण्यात अख्खा हिवाळा गेला. गंज घासला, भोकांवर पत्रा ठोकला, ट्रॅक्टरचा उरलेला लाल रंग होता तो फासला. मध्येच कपाटात कोंबडी खुडूक बसली, तेव्हा सासूबाईंनी पिल्लं निघेपर्यंत ठोकाठोकी बंद ठेवायचं फर्मान काढलं. बेसिनच्या भोकात चिंधी कोंबून त्या त्यात मटकी भिजत घालू लागल्या. इंजिन मात्र शहाण्यासारखं लगेच सुरू झालं. खरी अडचण मागे होती. गाडी पुढून ऐटीत उभी आणि मागून टेकलेली, दारात बसलेल्या कुत्र्यासारखी.

आळेफाट्याचा मिस्त्री आला, गाडीखाली सरपटत गेला आणि खालूनच ओरडला, "पाटं खलास!" पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन तोलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. मागच्या दोन्ही बाजूंचे निम्मे तुटले होते आणि उरलेले गंजून एकमेकांना चिकटले होते.

"ह्या गाडीचं आता मिळत न्हाईत," कपडे झटकत तो म्हणाला, "ट्रकचं बसवू. वजन किती धरू?"

प्रश्न साधा होता. उत्तर 'दोन माणसं' एवढंच होतं. पण आमच्या भागात गाडीचं वजन विचारलं की माणूस पोत्यांतच बोलतो, मग ती बैलगाडी असो नाहीतर वरातीची जीप. मालकांच्या तोंडून आपोआप निघालं, "वीस पोती."

"कांद्याची?"

"कांद्याची."

"मंग दोन पाटं जादा टाकतो."

मी चहाचे कप घेऊन शेजारीच उभी होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तरी कुठे तहसीलदाराची लेक होते!

पाटे बसवताना भावकीतला एकेक पुरुष गाडीखाली जाऊन सल्ला देऊन आला. बाहेर कायम कुणाचे ना कुणाचे पाय दिसत. शेवटी जॅक काढला, तर काय, गाडी मागून इतकी उंच झाली होती की अंगणाला वाकून नमस्कार करतेय असं वाटावं.

रिकामी गाडी घेऊन आम्ही ओतूरच्या रस्त्याला लागलो. मालक आणि मिस्त्री पुढे, मी मागे पलंगावर, राणीसारखी. पहिल्या खड्ड्याला मी पलंगावरून उठले आणि दुसऱ्याला छताला टेकले. कपाटाचं दार उघडून एक पातेलं माझ्या मांडीवर येऊन बसलं. मी "थांबवा" म्हणत होते, पण त्यातलं "थां" एका खड्ड्यात पडे आणि "बवा" पुढच्या, आणि पुढे बसलेल्यांना वाटलं मी गाणं म्हणतेय.

"रिकामी हाय म्हणून उडती," मिस्त्री म्हणाला, "वजन टाका, लोण्यावानी चालंल."

ही बातमी, आमच्या डिंभ्याच्या बेतासकट, घरी पोहोचली आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. "आगं, मंग लई सोपं हाय. आमी येतो की सगळी!" दिवस मावळायच्या आत भावकीत कोण खिडकीपाशी बसणार यावरून भांडण लागलं. ठेचा कुणी करायचा तेही ठरलं. नाही म्हणायची सोय नव्हती. नव्या गाडीत कुणाला बसू दिलं नाही तर वर्षभराचा अबोला नक्की. मालक माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला रडले, खोटं कशाला सांगू.

सकाळी डोळे पुसून मी कांद्याच्या चाळीपाशी गेले. आमचा कांदा भाव वाढायची वाट बघत तिथे पडून होता. मालक मागून आले.

"वजनच पायजे ना?" मी म्हणाले. "मग कांदा भरा."

"फिरायला कांदा न्यायचा?"

"माणसं बोलत्यात. कांदा बोलत न्हाई."

ते डोकं खाजवत राहिले, मग हसले, आणि मी वीस पोती भरून घेतली. पलंगावर, पलंगाखाली, टेबलावर, बेसिनपाशी. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"बसू कुठं?"

"जागाच न्हाई उरली, आत्या."

"मंग एवढा कांदा कशाला भरला?"

"वजनाला."

"आन् आमी काय हलकी हाय?"

मी पुढच्या सीटवर चढले आणि मालकांनी गाडी काढली.

गाडी खरंच लोण्यासारखी चालली. मंचरला मार्केट यार्ड दिसलं आणि तिचा वेग आपोआप कमी झाला. "नुसता भाव इचारून येतो," ते म्हणाले. "या. पण परत येताना एसटी बघा, मी गाडी घिऊन पुढं जाती," मी म्हणाले. मला गाडी चालवता येत नव्हती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते उतरले नाहीत.

डिंभ्याला पाण्याच्या कडेला गाडी लावली. बसायला म्हणून दोन पोती बाहेर काढली. आम्ही टेकलो न टेकलो तोच एक खानावळवाला मोटारसायकल थांबवून आला. "पावणं, कांदा कसा दिला?" त्यानं आत डोकावून पोती पाहिली आणि स्वतःच भाव सांगितला. चांगला होता. मालक सगळा हंगाम ज्याची वाट बघत होते, त्याहून चांगला. "हाय त्येवढा घेतो, आत्ताच्या आत्ता."

मालकांच्या डोळ्यांतली ती चमक माझ्या ओळखीची होती. आता काटा येणार, पोती उतरणार, दोघं कांद्यावर बोलत बसणार आणि मी छताला डोकं आपटत घरी जाणार. मी पाण्याकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटत होतं.

"न्हाई इकायचा, राव," मागून आवाज आला.

"मंग हितं कशाला आणला?"

"बायकोला घिऊन फिरायला आलोय."

परक्या माणसापुढे ते मला 'घरची' म्हणत, नाहीतर काहीच म्हणत नसत. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला एकदम भरून आलं. खानावळवाल्यानं कांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली.

मालक शेजारच्या पोत्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "बोल आता. काय सांगायचं व्हतं?"

मला एकही गोष्ट आठवेना. मग एक आठवली, तिच्यामागून दुसरी, आणि उन्हं उतरेपर्यंत मी बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले.