साडभाऊंनी दुर्बीण निवडली

एखादी वस्तू आपल्याला जन्मात विकत घ्यायची नसेल, तर ती निवडण्याचं काम माझ्या साडभाऊंवर सोपवावं आणि निश्चिंत व्हावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर हिरव्या, पिवळ्या आणि आकाशी रंगाचे तीन पट्टे आहेत. मुलीच्या लग्नाआधी घर रंगवायचं म्हणून ते नमुन्यादाखल ओढून पाहिले होते. मुलगी सासरी गेली, तिची मुलं आता त्या पट्ट्यांवर पेन्सिलीनं आपली उंची मांडतात, आणि साडभाऊ अजून मान तिरपी करून म्हणतात, "आकाशी बरा वाटते, पण थोडा उन्हात पाहून घेऊ." मुलीला स्थळं पाहतानाही हेच व्हायच्या बेतात होतं. एकाचं नाक, दुसऱ्याचं गाव, तिसऱ्याची सही त्यांना पसंत पडेना. शेवटी पोरीनं आपलं आपणच ठरवून टाकलं. त्या घरात वेळेवर आलेली एकमेव गोष्ट म्हणजे जावई.

साडभाऊंची सारी नोकरी मोजणी खात्यात झाली. तिपाईवरच्या यंत्राला उजवा डोळा लावायचा, डावा मिटायचा, आणि आडव्या-उभ्या रेषेच्या फुलीवर दूरचा झेंडा धरायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. त्यामुळे काहीही नीट पाहायचं म्हटलं की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटतो. चहात साय आहे का, हेही ते एकाच डोळ्यानं पाहतात. नव्या माणसाला वाटतं, गृहस्थ आपल्याला डोळा मारून राहिले. आठवडी बाजारात ते एकेक वांगं उचलून उजेडाकडे धरायचे, तेव्हा भाजीवाली बाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मोजणीवाले बाबा, वांगं हाय जी ते, हिरा नोहे!" साडभाऊ शांतपणे दुसरं वांगं उचलायचे. त्यांना घाई कशाची ती ठाऊकच नव्हती. सोबत पिशवी धरून उभं राहणाऱ्याला ती असायची, आणि बहुतेक वेळा तो मी असायचो.

सेवानिवृत्तीनंतर ते मुकुटबनच्या अलीकडच्या आपल्या मूळ गावी राहायला गेले. वडिलांचं वावर होतं आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची वडिलांची रायफल होती. मी पांढरकवड्याला कचेरीत कारकून. आमचा तालुका केळापूर, कचेरी मात्र पांढरकवड्यात, त्यामुळे नावात एक आणि गावात दुसरंच याची आम्हाला सवय आहे. साडभाऊ शेतकरी झाले तेही असंच, नावापुरते. शेती खरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताईच करायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या काळात आमच्या जिल्ह्यात कापसाबद्दल चांगलं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि कापूस सोडून दुसरं काही पेरणाराही पाहिला नाही. बोंडअळी आली, भाव गेला, मोठमोठ्या गाड्यांतून विचारपूस करणारे आले, तेही गेले. पुढच्या पावसाला पुन्हा सगळे सरकीच लावायला तयार. ज्वारी लावा म्हटलं तर लोक हसायचे. कारण ज्वारी म्हणजे रानडुकरांना जेवणाचं आमंत्रण. कणसं भरली की कळप शिरायचा आणि सकाळी वावरात नुसती फाटलेली गादी पसरल्यासारखं दिसायचं. तरी ताई दरवर्षी हट्टानं धुऱ्याकाठी, म्हणजे बांधाच्या कडेला, एक तुकडा ज्वारी पेरायच्या, आणि दरवर्षी डुकरं ती संपवायची.

"आपल्या वावरातल्या जवारीची भाकर खाऊन किती वर्सं झाली, सांगता का कोनी?" त्या मला विचारायच्या. उत्तर साडभाऊंना ऐकू जावं म्हणून प्रश्न मला. "रेशनच्या गव्हाच्या पोया लाटून लाटून हात आंबले माहे. घरात बंदूक हाय, डुक्कर मारायची जंगलखात्याची चिठ्ठी हाय, परवाना हाय. डुक्कर काय तिले नमस्कार करून जाईन?"

यावर साडभाऊंचं उत्तर ठरलेलं असे. "यंदा दुर्बीण घेऊन टाकू."

त्यांचं म्हणणं असं की, रायफलीच्या नळीच्या टोकावर जी माशी असते, तिच्यावर नेम धरायचा, तर ती माशी आताशा बारीक झाली आहे. लोखंडाची माशी वयानं कशी बारीक होईल, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "घासून घासून. वडिलांनी लय तेल लावलं तिले." म्हणून नळीवर दुर्बीण बसवायची. डुक्कर जवळ दिसेल, फुली त्याच्यावर येईल, काम फत्ते. मला त्यात तथ्य वाटलं. पण दुर्बीण साडभाऊ निवडणार आहेत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग सुरू झाले माझे रविवार. आधी आम्ही यवतमाळ पालथं घातलं, मग एस.टी.नं नागपूर. तिथल्या बंदुकांच्या दुकानाचे वृद्ध मालक अतिशय अदबीचे होते. पहिल्या खेपेला त्यांनी चहा दिला, दुसऱ्या खेपेला पाणी, आणि त्यानंतर नुसतं हात जोडून विचारायचे, "साहब, आज लेना है, या देखना है?" साडभाऊ दुर्बीण घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचे आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला लागायचे. रहदारी थांबायची. एकदा पलीकडच्या शिंप्यानं हातातलं माप टाकून दार लावून घेतलं.

प्रत्येक दुर्बिणीत खोट निघायची. एक फार जवळ आणते. "डुक्कर जेवाले येते का मह्या ताटात?" एक फार जड. एका दुर्बिणीची फुली जाड होती, त्यावर तर त्यांनी मालकांना मोजणी खात्याचं पूर्ण शास्त्र ऐकवलं. "ही रेघ हाय का धुरा? एवढ्या रेघंत दोन भावांची कोर्टबाजी लागन!" आणि शेवटी सगळ्यांना मिळून एकच शेरा, "काच धुरकट हाय." मालक काच पुसायचे, तिच्यावर फुंकर मारायचे, स्वतः पाहायचे, मला दाखवायचे. मला पलीकडच्या हॉटेलातल्या पोह्यांवरची शेव मोजता यायची. पण साडभाऊंचा डावा डोळा मिटलेलाच, आणि मान नकारार्थी. इतक्या वर्षांच्या चोखंदळपणामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. ज्यांना वांग्यात खोट दिसते, त्यांना काचेत का दिसू नये?

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घ्यायचो. एकदा मात्र मी वैतागलो आणि म्हणालो, "साडभाऊ, मारायचं एक डुक्कर. त्यासाठी एवढं कायले पाहून राह्यले तुमी?" त्यांनी तिकिटाची घडी घालून ते खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मी लहान असतानी बाबांच्या एका दोस्तानं तुरीत हललं म्हणून गोळी घातली. तुरीत माणूस वाकलेला होता, लोटा घेऊन. मेला बिचारा. तो दोस्त मंग आमच्याच ओसरीवर येऊन बसला, बोलेच ना." पुढे म्हणाले, "डुक्कर चुकलं तं जवारी जाईन. चुकून माणूस लागला तं? मले आंगोआंग साफ दिसलं पाह्यजे, साडभाऊ." त्यानंतरच्या रविवारी मी न कुरकुरता पिशवी उचलली.

आणि एका वर्षी, कोणाचा विश्वास बसणार नाही, साडभाऊंनी दुर्बीण घेतली! कुठलीही खोट न काढता, दुकानातली पहिलीच. मालकांनी ती बांधून देताना तिला हात लावून नमस्कार केला. ताईंच्या ज्वारीला तेव्हा दाणा भरू लागला होता. यंदा त्यांनी तुकड्याऐवजी चांगलं एकरभर रान ज्वारीला दिलं होतं, कापसाला बाजूला सारून. गावानं त्यांना वेड्यात काढलं. ताई म्हणाल्या, "हसू द्या. भाकर मागाले येतीन मंग."

आम्ही दुर्बीण घेऊन गावात उतरलो, आणि त्याच दिवशी निवडणूक लागली.

ज्यांच्या घरी परवान्याचं हत्यार नाही त्यांना सांगायला हवं की, निवडणूक लागली म्हणजे आमच्याकडे परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करतात. साडभाऊंच्या रायफलीला मतदानाशी काही देणंघेणं नव्हतं, पण हुकूम तो हुकूम. वर्षानुवर्षं दुर्बिणीसाठी थांबलेली रायफल दुर्बीण येताच ठाण्याच्या कोठडीत जाऊन बसली. निकाल लागून ती परत येईपर्यंत ज्वारी एक तर घरात असणार होती, नाही तर डुकरांच्या पोटात. ताईंनी त्या दिवशी गव्हाच्या पोळ्या लाटल्या आणि वाढल्या.

दुसऱ्या दिवशी साडभाऊ वावरातल्या मचाणावर चढले. हातात नुसती दुर्बीण. "मारता येत नाही तं काय, पाहता तं येते!" पाहायचं आणि ओरडायचं, असा बेत होता. आजूबाजूचे कापूसवाले डबे, काठ्या, कुत्री घेऊन धावून जातील, कारण डुकरं कापसाची बोंडंही सोडत नाहीत. बेत चांगला होता. पण साडभाऊ ओरडले ते मोजणी खात्याच्या भाषेत. "गट नंबर एकशे बारा! पूर्वेकडचा धुरा! कळप आत शिरून राह्यला!" गावात कोणाला आपला गट नंबर ठाऊक? आमच्याकडे वावराला नाव असतं, बाभळीचं वावर, म्हसोबाचं वावर, विकलेलं वावर. लोक डबे घेऊन सैरावैरा धावले. एक जण स्वतःच्याच शेतात दुसऱ्याच्या कुत्र्याला बडवत होता. शेजारचा पाटील ओरडला, "ओ बाबा, नंबर नोका सांगू, नाव सांगा!" साडभाऊ वरून म्हणाले, "नाव कच्चं असते!" ते बदलले नाहीत. गावच बदललं. आठवड्याभरात लोक घरोघरी आपला सातबारा काढून नंबर पाठ करू लागले, आणि एका म्हातारीनं तर बकरीला मारावी तशी आपल्या वावराला नंबरानं हाक मारायला सुरुवात केली.

डुकरं त्या वर्षी फार आली नाहीत. मी एका शनिवारी मुक्कामाला गेलो आणि उजाडता उजाडता चहाची किटली घेऊन मचाणावर चढलो. साडभाऊंनी दुर्बीण डोळ्याला लावलेली, डावा डोळा मिटलेला. समोर, अगदी समोर, ज्वारीच्या कडेला एक मोठं डुक्कर आणि मागे त्याची पिल्लं उभी होती. मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. साडभाऊ दुर्बीण सावकाश त्यांच्यावरून फिरवत पुढे गेले आणि उत्तरेकडे तोंड करून मोठ्यानं ओरडले, "गट नंबर अठ्ठ्याण्णव!" उत्तरेकडे काहीही नव्हतं.

मी किटली खाली ठेवली. मग त्यांनी नव्वदच्या पुढचे सगळे नंबर ओळीनं घेतले, शाळेतल्या हजेरीसारखे. चहूकडून डबे वाजायला लागले, कुत्री भुंकायला लागली, आणि त्या गोंधळात डुक्कर पिल्लं घेऊन नाल्यात पळालं.

"साडभाऊ," मी हळूच म्हणालो, "तुमाले दिसते का?"

त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं. काचबिंदू. उजव्या डोळ्यातलं गेलं ते गेलं, आता परत येणार नव्हतं. म्हणून तर त्यांनी दुकानातली पहिलीच दुर्बीण उचलली होती. सगळ्या काचा सारख्याच धुरकट असतील, तर निवडायचं काय?

मी मूर्खासारखं म्हणालो, "मंग डाव्या डोळ्यानं पाहा ना."

ते माझ्याकडे नवलानं पाहत राहिले. "डावा डोळा?" ते म्हणाले. "डावा तं मिटाले असते." मग किटलीकडे हात नेत म्हणाले, "ताईले सांगू नोका. इतक्या वर्सांनी जवारी उभी हाय. तिले वाटन, आता राखणार कोण?" मी नाही सांगितलं. त्यांच्यासोबत बसून मीही चार नंबर ओरडलो. मला स्वतःचीच दया येत होती की त्यांची, कळत नव्हतं.

ज्वारी घरात आली. सगळी नाही, कडेची खाल्ली होतीच, पण पोती भरली. ताईंनी मला आणि बायकोला मुद्दाम बोलावलं. चुलीसमोर बसून त्या भाकरी थापत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. पहिली भाकर त्यांनी साडभाऊंच्या ताटात टाकली. बोलण्याच्या नादात तिच्यावर रुपयाएवढा काळा डाग पडला होता. आम्ही सगळे थांबलो, कारण साडभाऊंच्या घरात भाकर पारखल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. त्यांनी ती उचलली. डाग त्यांच्याचकडे होता. सवयीनं डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्यासमोर भाकर धरली. बराच वेळ धरली.

"वा," ते म्हणाले. "एक डाग नाही."

ताईंचा थापणारा हात परातीत थांबला. त्यांनी आधी भाकरीकडे पाहिलं, मग त्यांच्या डोळ्याकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घालून ठेच्याकडे पाहत बसलो. चुलीत लाकूड तडतडलं. माझ्या बायकोनं काही विचारायला तोंड उघडलं, तर ताईंनी नुसत्या हातानंच तिला थांबवलं.

मग त्यांनी साडभाऊंच्या हातून ती भाकर अलगद घेतली, डागाची बाजू खाली करून ताटात ठेवली आणि वर लोण्याचा गोळा घातला.

"नाहीच पडला डाग," त्या म्हणाल्या. "यंदा राखली कोनी? तुमीच तं राखली."