रंगवायला काढलेली मोटारसायकल

रॉकेलचा वास आला की मला बोरीतल्या आमच्या घराची ओसरी आठवते. निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं होती. थोरल्या भावाने जुनी मोटारसायकल घेतली होती आणि रंग द्यायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून तिचं इंजिन उतरवलं होतं. ओसरीवर गोणपाट अंथरून आम्ही ते रॉकेलने पुसत होतो, हात कोपरापर्यंत काळे झाले होते, तेवढ्यात पोलीस ठाण्याचा अमीन दोन शिपाई घेऊन दारात आला. "साब का दौरा है. गाडी अभी होना," तो म्हणाला. भाऊ अदबीने म्हणाला, "हुजूर, इंजन उतरवलंय. रंग द्यायलाव आमी. चार दिवस लागतेत." "बहाना करता है?" म्हणत अमीनाने आईच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. "शाम तक जोड." भाऊ माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "धर रे तिकडून." जोडायलाच घेतोय असं मला वाटलं, पण तो इंजिन घेऊन परसातल्या विहिरीकडे निघाला. काठावर पोचल्यावर मला उमगलं, आणि त्याच्याबरोबर मीही हात सोडले. "आता न्या!" भाऊ अमीनाकडे वळून ओरडला. आठ दिवस त्याला ठाण्यात डांबलं. सुटून आल्यावर त्याने काय केलं, तर उरलेली गाडी लालभडक रंगवली आणि अमीनाच्या रोजच्या वाटेकडे तोंड करून दारात उभी केली. आज भाऊ नाही, मीही थकलो. पण ती थप्पड आठवली की माझ्या मुठी अजून आवळल्या जातात.