आईचं वजन

बाजारात वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे बिनचूक म्हणत. आपल्या कामावर खूश होऊन लोकांनी हे नाव दिलं, असा त्याचा गोड समज होता. खरं तर एका दुकानदाराने वैतागून ते ठेवलं होतं. काटा जरा मागेपुढे होतोय, एवढंच तो बिचारा म्हणाला होता आणि या पठ्ठ्याने त्याला अर्धा तास उभं करून ऐकवलं, की काटा कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. बावीस वर्षं हा गृहस्थ हे एकच वाक्य जिथे तिथे वापरत आला होता आणि दर वेळी नवीनच सुचल्यासारखा खूश होत होता.

मोठा काटा तपासायचा तर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून त्याच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहावी लागतात. बिनचूक दोन हातांत दोन वजनं धरून चालत जायचा. त्याचा घेर मोठा होता, पण दंडही तसेच होते. घरीही ते दंड रोज कामाला येत. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिच्या पायांत उभं राहायचं बळ उरलं नव्हतं. सकाळी सातला तिला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं आणि रात्री परत पलंगावर निजवायचं, हे काम त्याचं. त्याची थोरली बहीण इस्पितळात रुग्णांकडून व्यायाम करवून घेते, तिचा तर हा धंदाच. पण आई तिलाही हात लावू देत नसे. "तू घाई करतेस, त्याला येऊ दे," म्हणून थांबून राहायची. या एका बाबतीत मात्र माणूस खरोखरच बिनचूक होता, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग गुडघा दुखायला लागला म्हणून तो डॉक्टरकडे गेला. वजन भरलं चौऱ्याण्णव किलो आणि रक्तातली साखरही कडेला येऊन बसलेली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत हळूहळू आठ-दहा किलो उतरवा, पोटभर पण नीट खा, हातापायांची ताकद जाऊ देऊ नका. एवढ्या सगळ्या बोलण्यातून याच्या कानांत शिरला तो फक्त चौऱ्याण्णव हा आकडा. बाकीचं डॉक्टरांनी भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

घरी येऊन त्याने जाहीर केलं, "दोन महिन्यांत पंधरा किलो."

"डॉक्टर असं म्हणाले?" बायकोने विचारलं.

"डॉक्टरला वजनातलं काय कळतं?" बिनचूक म्हणाला.

पुढे जे सुरू झालं त्याला आहार म्हणणं म्हणजे जेवणाची थट्टा आहे. याचं गणित सोपं होतं. पोटात जितके ग्रॅम जातील तितके ग्रॅम काट्यावर दिसणार. म्हणून तो पदार्थ तोलून, हलका बघून खाऊ लागला. अंडी बंद केली, कारण दोन अंडी म्हणजे शंभर ग्रॅम. डाळ जड, दही त्याहून जड. सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी काकडी आणि कोबीचं पाणी, रात्री एक सफरचंद, तेही तोलून. वजन करण्याआधी तो पाणी पीत नसे, कारण पेलाभर पाण्याचे दोनशे ग्रॅम होतात. संध्याकाळी उपाशीपोटी, अंगात स्वेटर आणि त्यावर रेनकोट चढवून, मैदानाला सात चकरा पळत मारायचा आणि घामाने निथळत दुकानात येऊन दहा ग्रॅमचाही फरक दाखवणाऱ्या काट्यावर उभा राहायचा. दिवसातून पाच वेळा. एकदा केस कापून आला आणि साठ ग्रॅम घटले म्हणून बायकोला फोन करून सांगितलं. ती तेव्हा त्याच्या आईला आंघोळ घालत होती.

आकडा उतरत गेला, आठवड्याला दोन-दोन किलो. याची मान तेवढीच ताठ होत गेली. गिऱ्हाइकांच्या पोटांकडे बघून तो हसू लागला. बायको अठ्ठ्याहत्तर किलोची, तिला तर जेवताना सुखाने घास घेऊ देईना.

"आणखी एक पोळी?" तो विचारायचा. "घे, घे. काटा काही खोटं बोलत नाही."

 ती शांतपणे आणखी एक पोळी घ्यायची. बायको शहाणी होती.

सहाव्या आठवड्यात एकाएकी दुकानातली वजनं जड झाली. निदान बिनचूकला तरी तसंच वाटलं. दोन हातांत दोन घेणारा माणूस आता एकच वजन दोन्ही हातांनी धरायचा, चार पावलं जायचा आणि टेकायचा. जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, ते बायकोने उघडून दिलं. झोप उडाली, चिडचिड वाढली. कुठल्याही धडधाकट डोक्याच्या माणसाने या वेळी आपल्या दंडांकडे पाहिलं असतं. याने वजनांकडे पाहिलं. गंज चढून लोखंड भारी झालं असणार, असं ठरवून रिक्षात घालून आठही वजनं तो सरकारी तपासणी कार्यालयात घेऊन गेला. तिथल्या कारकुनाने एकेक करून ती तोलली.

"वीस, वीस, वीस. हे एक तर झिजून दोन ग्रॅम कमी भरतंय," कारकून म्हणाला. "का हो, तक्रार काय होती?"

"काही नाही. नेहमीची तपासणी," बिनचूक म्हणाला आणि वजनं परत रिक्षात चढवायला त्याने रिक्षावाल्याला विनवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सातला नेहमीसारखा त्याने आईच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातला. उचललं. खुर्ची दोन पावलांवर होती. त्या दोन पावलांत त्याचे हात थरथरायला लागले, गुडघे वाकले आणि आईला घेऊन तो परत पलंगावर बसकन बसला. आईचा खांदा लोखंडी कठड्यावर आपटला. फार लागलं नाही, पण ती घाबरली. तिने कठडा घट्ट पकडला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो उचलायला वाकला की आईचा हात आधी कठड्यावर जायचा. तो उचलतोय आणि ती धरून ठेवतेय, असा प्रकार चाले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तू राहू दे. सूनबाईला बोलव."

हे त्याला फार लागलं. लागायलाच हवं होतं. ज्या हातांवर आईने दोन वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला, ते हात तिला आता नको होते. पण लागलं म्हणून अक्कल येईल तर तो बिनचूक कसला. रात्रभर कूस बदलत त्याने विचार केला आणि पहाटे निष्कर्ष काढला, की आईचं वजन वाढलंय. बायको तिला दिवसभर काहीबाही भरवत असते, दुसरं काय होणार?

रविवारी थोरली बहीण आईला भेटायला आली होती. तिच्यासमोरच याने दुकानातला सपाट काटा आणि वीस किलोचं एक वजन हातगाडीवरून घरी आणलं.

"हे काय?" बहिणीने विचारलं.

"आईचं वजन करायचंय. बघच तू, किती वाढलंय."

बहिणीने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. असले तमाशे पुरते होऊ द्यावेत, असं तिचं मत होतं. आधी रिकामी खुर्ची तोलली. मग बायकोने आईला अलगद उचलून खुर्चीत बसवलं. खुर्चीचं वजन वजा जाता आई भरली चव्वेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. मागच्याच महिन्यात इस्पितळात ती पंचेचाळीस किलो भरली होती. कागद बहिणीच्या पर्समध्येच होता.

"काटा सरकला असेल," बिनचूक म्हणाला.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून काट्याविरुद्ध शब्द निघाला. काटा तपासायचा तर दारातलं वीस किलोचं वजन आणायला हवं होतं. तो गेला, वाकला, कडी धरली. वजन वीतभर उचललं गेलं आणि परत फरशीवर टेकलं. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा तेच. तोंडातून काकडीची ढेकर तेवढी आली. तेव्हा बायको उठली, पदर खोचला, एका हाताने वजन उचलून आणलं आणि काट्यावर ठेवलं. आकडा दिसला वीस, पुढे सगळी शून्यं.

 मग आईने विचारलं, "काटा बरोबर आहे ना?"

"हो."

"मग मी जड झालेले नाही."

"नाही."

"मग काय झालंय?"

 बहिणीने त्याची बाही वर सरकवली आणि दंड दोन बोटांत धरला. मोजे वाळत घालताना चिमटा धरावा तसा.

"तेरा किलो गेले म्हणतोस ना? त्यात चरबी किती गेली आणि हे मांस किती गेलं, सांगतो का तुझा काटा?"

"काटा एकूण वजन सांगतो."

"मग तेवढंच ऐकत बस. दिवसभर इस्पितळात मी आजाऱ्यांना उभं राहायला शिकवते, आणि घरी माझा भाऊ उपाशी पळून पळून आजारी पडतोय. रेनकोट घालून पळतो म्हणे. अरे, घामाने पाणी जातं, ते रात्री परत येतं. एखाद दिवशी मैदानात आडवा झालास तर तुला कोण उचलणार? हिने उचलायचं?"

बायकोने हात झटकले. तिची तयारी दिसली नाही.

बहिणीने तिथेच फर्मान काढलं. उद्या आधी डॉक्टरांकडे जायचं. आधी गेलेली ताकद परत आणायची, मग आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झालं. दर जेवणात अंडं, डाळ, दही, दूध यांतलं काहीतरी हवंच. चालायचं, पण उपाशीपोटी ऊर फुटेस्तोवर पळायचं नाही. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम, मध्ये एकेक दिवस विसावा. आधी अंग मोकळं करायचं, मग हलक्यापासून सुरुवात. श्वास कोंडायचा नाही. गरगरलं की तिथेच खाली बसायचं, मर्दुमकी दाखवायची नाही. काट्यावर उभं राहायचं ते आठवड्यातून एकदाच.

"आणि आईला कधी उचलायचं?" त्याने विचारलं.

उत्तर आईने दिलं. "तुझ्या बहिणीने हो म्हटल्याशिवाय मला हात लावायचा नाही."

लोकांना बावीस वर्षं शहाणपण शिकवणारा माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठायला आणि बसायला शिकू लागला. हात न टेकता दहा वेळा. सातव्या वेळी मांड्या कापायला लागल्या. मग भिंतीला हात लावून ढकलणं, मग दोन किलोची वजनं, जी एरवी तो खिशात घालून फिरायचा. खिडकीजवळच्या खुर्चीतून आई सगळं बघत असे आणि काही म्हणत नसे. म्हणाली असती तर बरं, असं त्याला वाटे. पहिल्या पंधरवड्यात वजन दीड किलोने वाढलं, तेव्हा हा घरात कोणी गेल्यासारखा तोंड पाडून बसला. बहिणीने फोनवर सांगितलं, "पाणी आणि जेवण आहे ते. रडू नकोस, अंडं खा." अंडं टाळायला बघायचा तर बायको बशी ठेवून समोर उभी राहायची. ती अठ्ठ्याहत्तर किलो समोरून हलत नसत आणि त्याबद्दल बोलायची आता त्याची छाती नव्हती.

पाच किलो झालं, दहा झालं. रोज सकाळी सातला बायको आईला उचलायची आणि हा दारात उभा राहून बघायचा. चौथ्या महिन्यात बहिणीने वीस किलोचं वजन स्टुलावरून खुर्चीत आणि खुर्चीतून स्टुलावर दहा वेळा ठेवायला लावलं. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, वजन अंगाशी. मग दोन हातांत दोन वजनं देऊन दारापर्यंत चालवलं. हात थरथरले नाहीत. गेलेलं मांस परत भरून वजन सत्त्याऐंशीवर आलं होतं, म्हणजे ज्या आकड्यासाठी त्याने घर डोक्यावर घेतलं होतं त्याच्या बरंच वर. बहिणीने आईकडे बघून मान हलवली.

सोमवारी सकाळी सातला बायको हात पुसत पलंगाच्या पलीकडे येऊन उभी राहिली, काही झालं तर असू दे म्हणून. तो वाकला, आईच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातला. आईचा हात कठड्यावर होता. बिनचूक वाकलेला तसाच थांबला.

"उचलतोस, की काटा मागवू?" आईने विचारलं.

त्याने तिला अंगाशी घेतलं आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आईने धरलेल्या कठड्याकडून ओढ बसेल, याची तो वाट बघत होता, पण कुठेच काही अडलं नाही. खाली बघितलं तर आईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, चष्मा धरून.

"सावकाश रे," ती म्हणाली. "चष्मा पडेल माझा."