शेल्याखाली ठरलेला सौदा

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच कबूल करतो... पण भुताखेताला भिणारा नाही. भूत कामावरून काढत नाही, चार लोकांत पाणउतारा करत नाही, की "काय रे, गावाकडं कधी जाणार?" म्हणून खोचकपणे विचारत नाही. माझ्या वाट्याची सगळी भीती जिवंत माणसांनीच पुरवली. त्यामुळं पेपराच्या या पानावर कुणी मुंजा, चकवा, हडळ असं लिहिलं की मी बिडी विझवतो, हसतो आणि पान उलटतो. तरी आज स्वतःच लिहायला बसलोय. शाळा चौथीतच सुटली, तीही उर्दू शाळा... तेव्हा माझं वाकडंतिकडं मराठी संपादकसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

निजामाच्या राजवटीची शेवटली वर्षं होती. मी सास्तूरचा. घरात खाणारी तोंडं भरपूर, म्हणून चुलत्यानं मला कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर आणून सोडलं. तेव्हा सास्तूरहून कळंब म्हणजे बैलगाडीनं मुक्काम करत करत यायचं — मला रडायला भरपूर वेळ मिळाला. मालकांना सगळा मोंढा अप्पा म्हणायचा. लिंगायत घर, मूळचं सीमेकडचं. घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू, आणि अप्पा चिडले की तिन्ही एकदम! त्यांच्या बायकोला मी अव्वा म्हणायचो. पहिल्या दिवशी अव्वांनी मला दोन भाकरी वाढल्या, तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "लाजू नको. आमच्यात लाजणाऱ्याला तिसरी वाढतात." मी लाजतच राहिलो. परमुलखात आई भेटणं म्हणजे काय, ते मला त्या तिसऱ्या भाकरीनं शिकवलं.

आता मुद्द्याचं. ईटच्या महादेवाची चैत्रात जत्रा भरायची. कळंबच्या मोंढ्यातल्या प्रत्येक आडतीनं देवाच्या काठीला एक शेला द्यायचा, अशी चाल होती. शेला गाडीतून न्यायचा नाही. दुकानाच्या माणसानं तो खांद्यावर टाकून, दिवस उगवताना निघून, पळत न्यायचा. जो पहिला पोचेल त्याचा शेला काठीच्या शेंड्याला, मग पुढचे खाली खाली. वाटेत शेला जमिनीला लागू द्यायचा नाही. आणि दिवेलागणीच्या आत पोचला नाही तर शेला परत घरी... आणि परत आलेला शेला ज्या घरात शिरला, तिथं वर्षभर मंगलकार्य नाही.

कळंब ते ईट. हल्ली पेपरात मॅरेथॉन मॅरेथॉन म्हणतात ना, जवळपास तेवढंच अंतर भरतं, असं मला मागं एका मास्तरांनी सांगितलं. तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या दुकानाचा शेला नेणाऱ्या म्हाताऱ्या हमालाचे गुडघे गेले. जत्रेहून परतल्यावर अप्पांनी दुकानात नजर फिरवली. मुनीमजी गादीवर लोडाला टेकून झोपले होते — ते कायमच झोपलेले असत, हिशेबसुद्धा झोपेतच जमवत. मग अप्पांची नजर माझ्यावर आली.

"सास्तूऱ्या, पुढल्या साली तू."

मी म्हणालो, "व्हय."

माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा या एका सवयीनं झाला आहे. अप्पांनी काहीही म्हणावं, मी व्हय म्हणावं. मी तोवर जन्मात पळालो नव्हतो. सास्तूरला कुत्रं मागं लागलं तरी मी उभा राहून त्याची समजूत काढायचो.

वर्ष होतं हातात. भल्या पहाटे उठून मी नाक्यापर्यंत पळालो आणि नाक्यावरच ओकलो. अव्वांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी पळताना धोतर सुटलं. हमालांनी पोत्यावर बसून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या जवानानं धरलं.

"ठैर! पीछे कौन है?"

"कोई नहीं, साब."

"तो आगे कौन है?"

"आगे भी कोई नहीं."

"फिर भागता कायको?"

"शेला पहुंचाना है, साब. अगले साल."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "मोंढे का आदमी, और काम एक साल पहले? बैठ. तू पक्का चोर है."

अप्पा येऊन जामीन राहिले तेव्हा सुटलो. पुढं तोच जवान रोज सकाळी दाढी करता करता ओरडायचा, "भागो मियाँ, साल खतम होने को आया!"

पावसाळा गेला, जोंधळे निसवले, कापले, आणि माझ्या नकळत पाय सुटत गेले. मांजरेच्या पात्रापर्यंत जायचो आणि परत यायचो. छातीतला भाता लयीत बसला. एका सकाळी लक्षात आलं — आज मी कशालाच भ्यालो नाही. इतकं नवल वाटलं की थांबून पुन्हा थोडं भिऊन घेतलं. परक्या गावात जीव रमला तो त्या वाटेवर. आजही त्या वर्षाला मी मनातल्या मनात हात जोडतो.

आणि मग माघात महादेवीचं लग्न ठरलं. महादेवी म्हणजे अप्पांची एकुलती एक लेक. वय माझ्याएवढंच, जीभ माझ्या दुप्पट. मुहूर्त वैशाखातला, म्हणजे जत्रेनंतरचा. त्या दिवसापासून माझी झोप गेली. आधी नुसता शेला होता... आता शेला परत आला तर लग्न मोडणार, निदान वर्षभर लांबणार. आणि वरपक्ष वर्षभर थांबणारा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुनीमजी एक डोळा उघडून म्हणाले, "ह्याच्या हाती शेला? त्यापेक्षा लग्नच आदल्या महिन्यात उरकून घ्या."

अप्पा म्हणाले, "पोरगं वर्षभर पळतंय. तुम्ही वर्षभरात गादीवरून उतरलात किती वेळा?"

महादेवी मात्र सरळ मला येऊन म्हणाली, "पहिला येऊ नको दादा, तेवढी तुझी ऐपत न्हाय. नुसता पोच."

पुढचं समजायला मोंढ्याची एक रीत सांगायला हवी. आमच्यात भाव तोंडानं ठरत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन. मधलं पेर दाबलं तर अर्धा. ठरलं की आतल्या आत टाळी. आणि शिरस्ता असा — सौदा चालू असताना हाताकडं बघायचं नाही, समोरच्याच्या तोंडाकडं तर मुळीच नाही. बघणारा कच्चा. नवा असताना मी एकदा बघितलं होतं, तेव्हा अप्पांनी तिन्ही भाषांत समजावलं होतं. पुन्हा कधी बघितलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. अप्पा आदल्या दिवशीच गाडी जुंपून ईटला गेले होते. जाताना बजावून गेले, "वाशीच्या पुढं चढण लागंल. तिथं आपले दोन हमाल गूळ-पाणी घेऊन बसतील. वाट एकच हाय, चुकायची सोय न्हाय. गूळ खा, पाणी पी, अन् बसू नको."

वाटेतल्या वाशी गावापर्यंत मी झकास गेलो. दोघातिघांना मागं टाकलं, तेव्हा तर मलाच माझी भीती वाटली. मग ऊन चढलं. वाशी मागं पडली आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की मी वाटेवरच्या एका लिंबाखाली बसलो. ज्यांना मागं टाकलं होतं ते एकेक करून पुढं गेले. त्यातला शेवटचा म्हणाला, "ऊठ की लेका, ईट चार कोस हाय अजून." आणि तोही दिसेनासा झाला.

शेला जमिनीला लागू नये म्हणून मांडीवर पसरला होता. हात त्याच्याखाली. डोळे मिटले. पाय हलेनात. डोळ्यांपुढं फक्त अव्वा... परत आलेला शेला हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या. रागावलेल्या नाहीत. तेच वाईट.

आणि शेल्याखाली कुणीतरी माझा हात धरला.

हात कोरडा, गार, मोंढ्यात मुरलेला. धरायची ढब लगेच कळते ती. त्यानं माझी चार बोटं धरली आणि दाबली. चार.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? डोळे उघडले असते, किंचाळला असता. मी काय केलं? मान फिरवली आणि डोळे अजून घट्ट मिटले! शिरस्ता. सौदा चालू होता ना!

मी त्याचं एक बोट धरलं. म्हटलं, एक कोस जाईन, जास्त नाही. त्यानं हात झटकला. पुन्हा चार. मी दोन दिली. त्यानं तीन धरली आणि चौथ्याचं मधलं पेर दाबलं — साडेतीन. मी मुद्दाम हात ढिला सोडला, 'निघालो मी' असा. अप्पांनीच शिकवलेली युक्ती. तो थबकला... मग तीन बोटं धरली आणि टाळी दिली. आवाज झाला. मी ऐकला.

डोळे उघडले. कुणीही नाही. उघडं माळरान, शेळीसुद्धा लपणार नाही असं. शेला मांडीवर जसाच्या तसा.

तेव्हा भ्यालो, व्हय, भ्यालो. इतका की पोटऱ्यांतले गोळे विसरून जो उठलो तो पळतच सुटलो. ओढा लागला, मोटेची विहीर लागली, मग सपाट रान... आणि समोर देवळाचा कळस. मला वाटलं, हे दुसरंच गाव. पण वेशीत अप्पा उभे होते, आणि ईटवर दिवस अजून कासराभर वर होता. मी सगळ्यांत शेवटी आलो होतो. आमचा शेला काठीच्या तळाला बांधला, जिथं शेळ्या तोंड घालतात. अप्पांनी गाठ दोनदा ओढून बघितली. मला एवढंच म्हणाले, "पोचलास."

दिवे लागल्यावर आमचे दोन हमाल धापा टाकत आले. एकाच्या डोक्यावर भरलेली घागर, दुसऱ्याच्या हातात गुळाची ढेप. एक जण रडतच होता. "अप्पा, पोरगं चढणीवर आलंच न्हाय! बाकीचे सगळे गेले, ह्योच न्हाय. कुठं पडून मेलं की काय!"

अप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी देवळाच्या पायरीवर बसून खारे शेंगदाणे खात होतो.

"चढण?" मी विचारलं. "कुठली चढण?"

मी चढण चढलोच नव्हतो. ओढा, विहीर, सपाट रान... मधली ती सबंध कोसभर खडकाळ चढण माझ्या वाटेत आलीच नाही. वाट एकच. आजही एकच आहे.

अप्पांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. व्यापारी माणूस... विचारलं काय, तर, "सौदा ठरला ते बरंच झालं. पण त्याला त्यात काय मिळालं?"

"ते न्हाय इचारलं."

"इतकी वर्षं दुकानात राहून!" अप्पांनी कपाळावर हात मारला. "माल न बघता टाळी दिलीस!"

परतीच्या वाटेवर त्यांनी त्या लिंबाखाली गाडी थांबवली, रुमाल मांडीवर टाकला, हात खाली घालून डोळे मिटून बसले. बराच वेळ. बैल कंटाळून खाली बसले. शेवटी उठले. "मला बघून भाव देईना," एवढंच म्हणाले.

कळंबला आलो तर दुकानात मुनीमजी गादीवर उताणे, एक हमाल पायांना तेल चोळतोय. काल दुपारी नेहमीप्रमाणं झोपले, आणि बोंबलत उठले. पोटऱ्यांत गोळे, तळवे सोललेले, धोतराला कुसळं. दुकानातले सगळे शपथेवर सांगत होते की ते गादीवरून हलले नाहीत; घोरणं तर मोंढाभर ऐकू येत होतं. अप्पा त्या तळव्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "एक कोस उरला होता. कुणाच्या तरी पायावर पडणारच."

"अहो, पण माझ्याच का?" मुनीमजी ओरडले.

"तुम्ही मोकळे होतात."

मी माझ्या परीनं खूप विचार केला. ऊन लागलं असेल. गुंगीत चढलो असेन चढण, आणि हमालांना डुलकी लागली असेल. मुनीमजींना झोपेत चालायची खोड असेल... पण चालता चालता एका जागी घोरणारा माणूस मी पाहिला नाही. पुढं एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "भ्रम." मी व्हय म्हणालो. सवय.

वैशाखात लग्न झालं. निघताना महादेवी सगळ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापर्यंत आली. मी दुकानातला नोकर! घाबरून मागं सरलो, अजून सरलो, पाठ भिंतीला लागली.

"मागं नको सरू दादा," ती म्हणाली. डोळे भरलेले, जीभ तशीच. "एवढं पळालास ते बास झालं. आता जरा उभा राहा."

मी उभा राहिलो. पाय थरथरत होते. ते का, हे मला ठाऊक आहे. त्या एका कोसाचं मात्र अजून कळलेलं नाही.