मशीनला तेल, तिला काढा

"घर में क्या जलता है?" छातीच्या डॉक्टरबाईंनी सीटी स्कॅनवरची नजर न काढता विचारलं.

"कुछ नहीं, मैडम. अगरबत्ती भी नहीं," मी म्हणालो.

शेजारी माझी बायको वैशाली खोकत होती. दोन दमांत म्हणाली, "अहो, लेझर... सांगा ना."

मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांना जखमा होतात आणि त्या भरताना नळ्या कायमच्या आकसतात. "जो गया, वह वापस नहीं आएगा," बाई म्हणाल्या. "जो बचा है, उसे बचाएँगे."

माझ्याकडच्यासारखं मशीन आता बऱ्याच घरांत आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही नोएडात राहतो. वैशाली पिशव्या शिवते. तिच्या पन्नाशीला मी छोटं लेझर कटर आणलं. सुती कापड, फेल्ट त्यावर सुरेख कापलं जायचं. धुराचा पाइप बाल्कनीच्या खिडकीतून बाहेर सोडला होता. तोवर सगळं ठीक होतं.

आमच्या मराठी मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर जाते. यंदा बसमधल्या प्रत्येकाला खांद्यावरची पिशवी द्यायची असं वैशालीनं ठरवलं. त्यासाठी मी रेक्झिन आणलं. दुकानदार म्हणाला, "लेदर ही समझो, भाईसाहब." ते कसलं प्लास्टिक आहे, हे मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात बाहेरची हवा बिघडली. इथे सगळे करतात तेच मी केलं. खिडक्या लावून फटींना टेप चिकटवली. आणि धुराचा पाइप आत ओढून एअर प्युरिफायरसमोर ठेवला. प्युरिफायरचा आकडा हिरवा होता. मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

ते रेक्झिन पीव्हीसीचं होतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. घशात, छातीत ओलावाच असतो. प्युरिफायरचा आकडा धूळ मोजतो. या वायूचं त्याला काही कळत नाही.

मशीन सुरू करून मी दुसऱ्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर जायचो. कापलेले तुकडे उचलायला ती तिथे बसायची.

तिचा घसा जळजळू लागला, मग खोकला. दिल्लीत थंडीत कोण खोकत नाही? मी आलं-ज्येष्ठमधाचा काढा करून दिला. त्याच आठवड्यात मशीनच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज दिसला. मी धुक्याला दोष दिला, पट्ट्या घासल्या, तेल लावलं. तिला डॉक्टरकडे न्यायला अजून तीन आठवडे गेले, तेही जिन्यात तिला मध्येच बसावं लागलं म्हणून.

वॉर्डात अकरा दिवस. ऑक्सिजन, स्टेरॉइड. मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी. तंत्रज्ञ ओरडत होता, "और, और, आंटीजी, और!" ती नळी सोडून म्हणाली, "इनको बोलो... ये फूँकेंगे." हसता हसता तिला उबळ आली. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, "मशीनला तेल... मला काढा. वा!"

त्याबद्दल ती एवढंच बोलली. नंतर कधीच नाही.

घरी आल्यावर मी उरलेला एक तुकडा गच्चीत, उघड्यावर तपासला. तांब्याची तार तापवून रेक्झिनला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे क्लोरीन. दोन मिनिटांचं काम होतं. पण ज्योत हिरवी झाली नाही तरी विसंबू नका. माल कशाचा आहे ते लेखी मागा. मिळालं नाही तर लेझरखाली घालू नका, कात्रीनं कापा. साधं कापड कापतानाही धूर घराबाहेरच जाऊ द्या आणि मशीन सोडून उठू नका.

जानेवारीत आम्ही बसनं गेलो. वैशाली स्मारकापर्यंत चालू शकली नाही. बसच्या पायरीवर बसून तिनं पिशव्या वाटल्या. सुती, कात्रीनं कापलेल्या. डॉक्टरबाईंमुळे ती तिथवर तरी आली, हे मी विसरत नाही.

आता ती वाक्याच्या मध्येच थांबते. आधी मी घाईनं उरलेले शब्द पुरवायचो. आता तिचा श्वास येईपर्यंत वाट पाहतो.