खळीने चिकटवलेलं पान

तारा गेल्याचा फोन दौंडच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी वाफ्यात कांद्याचं बी टाकत होते. तिचा मुलगा सुभाष बोलत होता. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता ती मागणार नाही... पोरगा मागणार.

काय मागणार ते सांगते. तारा माझी चुलत जाऊ. खुटबावच्या शिवारात तिचं रान माझ्या रानाच्या मागे. रस्त्याला लागायचं तर माझ्या बांधावरून पायी. ट्रॅक्टर ओढ्याकडून फेरा मारून यायचा, तोही ओढा कोरडा असला तर. विहीर आमची सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात माझ्या कांद्याने माना टाकल्या, तर ही आपली पाळी मला देऊन मोकळी झाली. तिची गवार वाळली. मी त्याच दिवशी ओळखलं, हिला माझ्या रानातून रस्ता पाहिजे. पुढेही काही ना काही माझ्या ओट्यावर येऊन पडायचं, कधी भाजी, कधी शेवंती. फुकट कोण देतं? मी घ्यायची आणि ही तोंड कधी उघडते त्यावर डोळा ठेवायची.

तारा अंगणवाडीत सेविका होती. नातीला आणायला गेले की तिचं चित्रांचं पुस्तक चाललेलं असायचं. त्यातली सुगरण आपल्या घरट्यातल्या काड्या उंदराला देते, कोकराला देते आणि शेवटी उघड्या फांदीवर बसते. चित्रात सगळे हसरे, देणारीसुद्धा. मी आजवर हसत आलेला माणूस बघितला तो मागायला आलेला.

"मग हिला काय मिळालं?" मी एकदा विचारलं.

ताराने पुस्तक पुढे केलं. शेवटची दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवलेली.

"आत समदे मिळून तिला मोठं घरटं बांधून देत्यात, अक्का. पोरं आधी त्येच पान उघडायची. एका पोरीनं दुसरीला बिस्कीट दिलं आन् तिथंच हात पसरून हुबी, आता मला काय म्हणून. तवा लावली खळ."

"म्हंजी दिलं आन् बुडालं?"

"बुडतंय कशानं? दिलं... झाली गोष्ट."

"माणसाची गोष्ट अशी होत न्हाई, तारे."

"तुमची नजर लई बारीक, अक्का. मिटलेलं पान बी वाचता," म्हणाली आणि हसली. ते हसणंही मी लक्षात ठेवलं.

तेराव्यानंतर सुभाष आला. रांजणगावच्या कंपनीतून, पाळी संपवून थेट. मी 'नाही' तयार ठेवलं होतं. त्याने पिशवीतून ते पुस्तक काढलं.

"काकू, आई म्हणाली हुती, ह्ये तुमच्या नातीला द्यायचं."

"आन्?"

"आन् काय?"

"अजून काय म्हणाली?"

"काय न्हाई."

चहा प्यायला आणि बांधावरून पायी आपल्या रानाकडे गेला. मी दारात उभी राहिले. आता वळेल, मग वळेल... वळला नाही.

तारा चांगली होती, असं मी अजूनही म्हणत नाही. इतकी वर्षं बघून मला तिचा डाव सापडला नाही, एवढंच म्हणते. या खेपेला कांदा लावताना बांधाकडेच्या सऱ्या मी रिकाम्या सोडल्या. बायांनी विचारलं, तर म्हटलं, तिथं पाणी पोचत नाही. पोचतं, चांगलं पोचतं. परवा सुभाषचा ट्रॅक्टर तिथून आत गेला. तो माझ्याकडे बघत होता, मी रोपांकडे. आभार मानायला घरी आला असता तर हाकलला असता. आला नाही. आईच्या वळणावर गेलाय.

पुस्तक फडताळात आहे. नात ते पान उजेडाला धरून आतलं घरटं शोधते.

"आजी, सोडव ना गं."

मी म्हणते, राहू दे. खळ चांगली लावलीय तिनं.