सरकलेली बाज

घाटंजीतल्या आमच्या घराला टिनाचं छत आहे. ऊन खाली उतरू नये म्हणून त्यावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, पऱ्हाटीचा, थर असतो. तो थर बदलणारा म्हातारा मी एकदाच पाहिला. नाव विचारलं नाही.

तो भर दुपारी आला. "थर जाड आहे, औंदा बदलायची गरज नाही," असं मी शिडी लावतानाच सांगून टाकलं. त्याने शिडीकडे पाहिलंही नाही. घरात शिरून टोपी काढली आणि टक्कल छताखाली तापू देत उकिडवा बसून राहिला. मग सारवलेल्या जमिनीवर, खोलीच्या मधोमध, बाजेच्या पायांचे चार खळगे त्याने बोटांनी चाचपले. बाज आता दाराशी होती आणि तिच्यावर आई बसली होती.

"बाज काहून सरकवली, माय?"

"तिथं डोस्कं तापते, बापा."

तो माझ्याकडे वळला. "छत वरून नाई समजत, भाऊ. खालचा माणूस कुठं सरकला, ते पाहा लागते."

वर चढून त्याने काड्या उचलल्या. खाली वाळवीने केलेला नुसता भुसा होता.

बाज गेल्या उन्हाळ्यापासून दाराशी होती. आईला रस्ता पाहत बसायला आवडतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.